‘पडेल ते काम करतो’ म्हणणाऱ्या मॅनेजरला एल-१ए मिळतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रबाळ्याला एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी आहे, माणसं साठेक. तुम्ही तिथलं ऑपरेशन्स बघता. आधी काही वर्षं कन्सल्टंट म्हणून बिल लावत होतात, पगारावर येऊन चौदा महिने झाले. सहा महिन्यांपूर्वी शेठनी न्यू जर्सीत कंपनी काढली. आता ते म्हणतायत, एच-१बी (अमेरिकेत नोकरीचा नेहमीचा व्हिसा) परवडत नाही, तुला डायरेक्टर करतो, तू एल-१वर जा आणि तिकडचं सगळं बघ. एजंट म्हणतो, पाच वर्षांचा शिक्का मिळतो, काळजी करू नका. तुम्हाला हवंय ते एवढंच: व्हिसा मिळेल का, डेझिग्नेशन आधीच बदलून घ्यावं का, वेळ आणि पैसा किती जाईल, बायको आणि १९ वर्षांची मुलगी सोबत येऊ शकतील का.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी अमेरिकेतली वकील नाही. आधी एका इंजिनीअरिंग कंपनीत एचआरला होते, आणि गेली अठरा वर्षं अंधेरीत बसून अशाच फायली लावते. अर्ज तिकडचे वकील लावतात, पण त्या अर्जाच्या पोटात जे कागद जातात ते इकडे माझ्या टेबलावर जमतात. त्यामुळे कायद्याचा शेवटचा शब्द वकिलाचा. फाइल कुठे फाटते, हे मात्र मी सांगू शकते.

शेठ एच-१बीला का घाबरले ते उघड आहे. त्यात लॉटरी आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बीवर एक लाख डॉलरचा बोजा आला. एल-१ला लॉटरी नाही, वार्षिक कोटा नाही, ते एक लाखही नाहीत. हा व्हिसा १९७० पासून आहे, आणि तो एकाच कामासाठी आहे: एकाच समूहातल्या कंपनीने आपला माणूस आपल्याच अमेरिकेतल्या कंपनीत बदलीवर पाठवणं. मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्हला एल-१ए, खास ज्ञान असलेल्याला एल-१बी. दार उघडं दिसतं म्हणून सगळे इकडे वळतात. पण कोटा नसला तरी चाळणी आहे, आणि तुमच्यासारख्या मध्यम कंपनीला ती बारीक लागते.

तुम्ही विचारलंत ‘मला मिळेल का’. तुमची माहिती वाचून मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: तुम्ही गेल्यावर वर्षभराने तिकडे तुमच्या हाताखाली कोण असेल? पण त्याच्याआधी दोन गोष्टी तपासू, कारण त्यातच तुमची फाइल आज अडते.

पहिली, दिवस. नियम असा की अर्ज लावण्याआधीच्या तीन वर्षांत, अमेरिकेबाहेर, याच समूहाच्या नोकरीत, सलग एक वर्ष पूर्ण वेळ काम झालेलं हवं. कन्सल्टंट म्हणून बिल लावलं तो काळ सहसा धरत नाहीत, कारण ती नोकरी नव्हे. उरले चौदा महिने, म्हणजे साधारण ४२५ दिवस. तुम्ही पुढे लिहिलंय की दोन प्रदर्शनं आणि कंपनी काढतानाच्या खेपा मिळून बी-१वर, म्हणजे कामाच्या छोट्या भेटीच्या व्हिसावर, ७० दिवस अमेरिकेत होतात. अशा छोट्या खेपांनी सलगपणा मोडत नाही, पण ते दिवस वर्षात मोजतही नाहीत. ४२५ मधून ७० गेले, राहिले ३५५. तुम्ही दहा दिवस कमी आहात. एजंटने हे विचारलं होतं का? पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा, आय-९४च्या (अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीच्या) सरकारी साइटवर तुमच्या ये-जा नोंदी दिसतात त्या पडताळा, आणि मगच तारीख ठरवा. जर्मनी, दुबईच्या कंपनीच्या कामाच्या खेपा वजा करायच्या नाहीत, फक्त अमेरिकेच्या.

एक बारकावा अजून. तिकडची कंपनी नवी असेल, तर हे इकडचं एक वर्ष मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह म्हणूनच गेलेलं असावं लागतं. चालत्या कंपनीत बदली असेल तर आधीचं वर्ष खास ज्ञानाच्या कामाचं असलं तरी चालतं. तुमच्याबाबतीत चालणार नाही.

दुसरी गोष्ट, ‘आपलीच कंपनी’. शेठ म्हणतात न्यू जर्सीची कंपनी आपलीच आहे. मुंबईत ‘आपलीच’ या शब्दात काय काय मावतं ते तुम्हाला माहीत आहे! माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात अमेरिकेतली कंपनी मालकांच्या भाच्याच्या नावावर होती. का, तर तो एडिसनला राहतो, बँक खातं उघडायला सोपं पडलं. भाचा सख्खा असला तरी व्हिसाच्या दृष्टीने ती परकी कंपनी. इकडच्या प्रायव्हेट लिमिटेडकडे तिकडचे निम्म्याहून अधिक शेअर असतील तर सरळ पेरेंट-सब्सिडियरी नातं. दोन्हींकडे एकाच माणसाचं बहुमत आणि ताबा असेल तरी चालतं. इकडे वडील आणि दोन मुलगे एकेक तृतीयांश, आणि तिकडे एकटा थोरला, असं असेल तर नातं उभं राहत नाही.

म्हणून शेठकडे तीन कागद मागा: तिकडच्या कंपनीचं शेअर सर्टिफिकेट, शेअर कुणाला कधी दिले त्याचं रजिस्टर, आणि पैसे इकडून तिकडे गेले त्याचा बँकेचा पुरावा. कंपनीने परदेशात भांडवल घातलं असेल तर ऑगस्ट २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांप्रमाणे बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन नंबर मिळतो. तो कागद सीए लोक नुसता कम्प्लायन्स म्हणून फाइल करतात. मला तो सोन्यासारखा वाटतो, कारण कुणी, कुणाला, किती आणि कशासाठी दिले हे एका जागी दिसतं. शेठनी व्यक्तिशः पाठवले असतील तर एलआरएसची, म्हणजे व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा लागते, आणि मग शेअरही शेठच्याच नावावर हवेत. पैसे एकाचे आणि शेअर दुसऱ्याचे, असं निघालं की पुढचं सगळं संशयाने वाचलं जातं.

आता मूळ मुद्दा.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ते मी बहुतेक प्रत्येक मराठी मॅनेजरकडून ऐकलंय: ‘तसं मी पडेल ते काम करतो.’ आपल्याकडे हा मोठेपणा आहे. पगारवाढीच्या वेळी सांगायची गोष्ट आहे. एल-१एच्या फायलीत मात्र हेच वाक्य घात करतं. कायद्याच्या लेखी मॅनेजर म्हणजे जो काम करून घेतो. माल बनवणं, विकणं, पाठवणं, बिल काढणं ही कामं तो स्वतः मुख्यतः करत असेल, तर पदाचं नाव काहीही असो, तो मॅनेजर नाही.

अंबरनाथच्या एका कारखान्यातले गृहस्थ माझ्याकडे आले होते. जनरल मॅनेजर, बावीस वर्षांचा अनुभव. म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडे गेटपासवरसुद्धा माझी सही लागते.’ अभिमानाने म्हणाले. मी त्यांना शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, दोन आठवडे दर तासाला काय केलं ते लिहा, चांगलं दिसेल असं नाही, खरं लिहा. वही परत आली तेव्हा पहिल्याच पानावर होतं: ८.४० टेम्पो आला नाही, ट्रान्स्पोर्टवाल्याला तीन फोन. ९.१५ पर्चेस ऑर्डर टाइप केली, कारण मुलगा रजेवर. ११ ते १ ग्राहकाचं इन्स्पेक्शन, व्हर्नियर माझ्याच हातात. अडीचला गेटपास. बारा दिवसांचे मिळून शंभरेक तास भरले, त्यातले माणसांना काम देणं, त्यांचं काम तपासणं, बजेट, भरती, पगारवाढ, धोरण असे जेमतेम तीस. ते माझ्यावर चिडले. ‘म्हणजे मी मॅनेजर नाही?’ म्हटलं, तुम्ही उत्तम मॅनेजर आहात, आणि त्याशिवाय डिस्पॅच क्लार्क आणि क्यूसी इन्स्पेक्टरही आहात. अर्ज फक्त पहिल्याचा लावता येतो.

आम्ही वहीतलं खोटं केलं नाही. त्यांनी मालकांना सांगून डिस्पॅचला माणूस घेतला, पर्चेसवाल्याला ठरावीक रकमेपर्यंत सहीचा अधिकार दिला, इन्स्पेक्शन क्यूसीच्या इंजिनीअरकडे सोपवलं. पाच महिने तसं काम चालू दिलं आणि मग अर्ज लावला. तरी आरएफई आली, म्हणजे अजून पुरावे मागितले. पण तेव्हा आमच्याकडे दाखवायला काहीतरी होतं, आणि अर्ज मंजूर झाला. मालक नंतर म्हणाले की व्हिसा राहू दे, कारखानाच सुधारला. ते वेगळं.

हाताखाली किती माणसं, यापेक्षा कोणती माणसं हे महत्त्वाचं. नियम स्पष्ट आहे: पहिल्या पायरीचा सुपरवायझर मॅनेजर धरला जात नाही, त्याच्या हाताखालचे लोक प्रोफेशनल असतील तरच धरला जातो. आणि प्रोफेशनल म्हणजे ज्या कामाला पदवी लागते असं काम. आयटीआयचा फिटर तीस वर्षं मुरलेला असला आणि अख्खी शिफ्ट त्याच्यावर चालत असली, तरी या व्याख्येत तो बसत नाही. म्हणून ‘माझ्या हाताखाली चाळीस कामगार’ हे सांगून उपयोग नाही. तुमच्या हाताखाली प्रॉडक्शन सुपरवायझर, त्याच्या हाताखाली कामगार. क्यूसीला बीई मेकॅनिकल मुलगी, तिच्या हाताखाली दोन इन्स्पेक्टर. पर्चेसला एक जण. ही मधली फळी दाखवा. त्यांच्या भरतीवर, रजेवर, पगारवाढीवर तुमचा शब्द चालतो हे कागदावर दाखवा. अप्रेझल फॉर्मवरची तुमची सही इथे गेटपासवरच्या सहीपेक्षा लाखमोलाची.

आणि चार्ट काढताना हात आखडता घ्या. एकदा मला चार्टवर नऊ नावं दिली होती, पीएफच्या ईसीआरमध्ये, म्हणजे दरमहा भरायच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत, त्यातली पाचच सापडली. उरलेली चार कॉन्ट्रॅक्टरची माणसं होती, पण चार्टवर तसं लिहिलं नव्हतं. अशा वेळी खोटं बोलायचा इरादा नसला तरी दिसतं तसंच. ईसीआर, फॉर्म १६ आणि चार्ट, तिन्हीत तीच नावं आणि तीच पदं असायला हवीत.

माणसांवर नाही, पण एखाद्या मोठ्या कामावर तुमचा ताबा असेल, तर ‘फंक्शन मॅनेजर’ म्हणून दुसरा रस्ता आहे. काम कंपनीसाठी कळीचं हवं, तुमचा त्यातला दर्जा वरचा हवा, आणि प्रत्यक्ष राबणारं दुसरं कुणीतरी हवं. यावर अमेरिकेच्या अपील कार्यालयाचे दोन निर्णय वकील नेहमी वापरतात. २०१६ चा ‘मॅटर ऑफ झेड-ए’ म्हणतो की परदेशात बसून तिकडच्या ऑफिसचं काम करणारी माणसंही हिशेबात धरा. २०१७ चा ‘मॅटर ऑफ जी’ फंक्शन मॅनेजर कसा सिद्ध करायचा त्याच्या पायऱ्या सांगतो. तुमच्यासाठी पहिला फार उपयोगी आहे. रबाळ्यात ड्रॉइंग, कोटेशन, टेस्ट सर्टिफिकेट बनवणारी चार माणसं न्यू जर्सीच्या ऑर्डरीसाठी काम करणार असतील, तर ती तुमच्या बाजूने मोजता येतात. मात्र त्यांची नावं, त्यांची कामं आणि ती तुम्हाला रिपोर्ट करतात हे लिहून ठेवावं लागतं.

इथवर इकडची बाजू झाली: दिवस भरायचे, शेअर कुणाचे ते बघायचं, आणि तुमचा दिवस कशात जातो ते खरंखरं मांडायचं. आता तिकडची बाजू, म्हणजे जिथे मला तुमची जास्त काळजी वाटते.

जी कंपनी अमेरिकेत वर्षभराहून कमी काळ प्रत्यक्ष धंदा करतेय तिला ‘न्यू ऑफिस’ म्हणतात. नुसती नोंदणी म्हणजे धंदा नव्हे, माल सतत विकला जायला हवा. न्यू ऑफिसला पहिल्यांदा एकच वर्ष मिळतं. चालत्या कंपनीला तीन वर्षं मिळतात. पुढे दोन-दोन वर्षांनी वाढवत एल-१एला जास्तीत जास्त सात वर्षं. अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस पुरावे देऊन परत मागता येतात, म्हणून विमानाची तिकिटं फेकू नका.

पाच वर्षांच्या शिक्क्याबद्दल एजंट अर्धं खरं बोलतोय. भारतीय पासपोर्टवर एल व्हिसाचा शिक्का पाच वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. पण शिक्का म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४वरच्या तारखेवर ठरतं, आणि ती तारीख अर्जाच्या मंजुरीमागे चालते. शिक्क्याकडे बघून आय-९४ची तारीख विसरलेले, चांगले शिकलेले लोक मी पाहिलेत.

न्यू ऑफिसचा पहिला अर्ज तसा सोपा असतो, कारण तो बराचसा पुढच्या योजनेवर असतो. पुरेशी जागा भाड्याने घेतलेली, भांडवल पोचलेलं, आणि वर्षभरात मॅनेजरला शोभेल असं ऑफिस उभं राहील हे पटेल असा बिझनेस प्लॅन. जागा म्हणजे खरी जागा. व्हॉल्व्हच्या पेट्या ठेवायच्या कंपनीने व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता दिला की तिथेच प्रश्न उभा राहतो. पाहणीला अधिकारी न सांगता येऊ शकतात, तेव्हा दारावर पाटी आणि आत माणूस हवा.

परीक्षा बाराव्या महिन्यात असते. तेव्हा योजना कुणी विचारत नाही. वर्षभर काय विकलं, कुणाला नोकरी दिली, त्यांना किती पगार दिला, आणि आता तुम्ही स्वतः काय करता, हे विचारतात. पुरावा म्हणजे तिमाहीचा फॉर्म ९४१, न्यू जर्सीचा डब्ल्यूआर-३०, डब्ल्यू-२ हे पगाराचे सरकारी फॉर्म, आणि बँक स्टेटमेंट. ‘अजून एक वर्ष न्यू ऑफिस म्हणून द्या’ अशी सोय नाही.

इथे माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या प्लॅनमध्ये पहिल्या वर्षी आठ माणसं घेणार असं लिहिलं होतं. मी तो तपासला होता, आणि आकडा दमदार वाटतो म्हणून तसाच राहू दिला. अकराव्या महिन्यात प्रत्यक्षात दोन माणसं होती, त्यातला एक अर्धवेळ. साहेब स्वतः व्हॅन चालवून माल पोचवत होते, कारण ड्रायव्हर परवडत नव्हता. विक्री वाईट नव्हती. पण एक्स्टेंशन नाकारलं, आणि घर शाळेच्या अर्ध्या वर्षात परत आलं. प्लॅनमध्ये तीन माणसं लिहून तीन घेतली असती आणि इकडची टीम जोडून दाखवली असती, तर निदान लढता आलं असतं. तेव्हापासून मी प्लॅनमधला प्रत्येक माणूस कोणत्या महिन्यात, किती पगारावर आणि कुठल्या पैशातून, हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

किती माणसं लागतात याचा कायद्यात आकडा नाही. तुमच्या धंद्यात मला पटेल असं चित्र म्हणजे एक सेल्सचा इंजिनीअर, ऑर्डर आणि चौकशा सांभाळणारी एक व्यक्ती, गोदामात एक जण, हिशेब बाहेरच्या सीपीएकडे (तिकडचा सीए), आणि मागे रबाळ्याची टीम. यांचा वर्षाचा पगार धरून भांडवल पाठवायला शेठ तयार आहेत का? ते ‘आधी तू जा, धंदा आला की माणसं घेऊ’ म्हणत असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की जाऊ नका. व्हिसा कदाचित मिळेलही, वर्षाने परत याल.

दुसरा पर्याय शेठना सुचवून बघा. तिकडे आधी स्थानिक सेल्सचा माणूस नेमायचा आणि विक्रीला बारा महिने होऊ द्यायचे. तोवर तुमचे दिवसही भरतील आणि इकडची घडीही बसेल. मग न्यू ऑफिसचं लेबल जातं आणि थेट तीन वर्षांचा अर्ज लावता येतो. मधल्या काळात बी-१वर जाऊन जागा बघणं, लीज सही करणं, वकील-सीपीएला भेटणं, मीटिंगा घेणं चालतं. तिथे बसून रोजचं ऑफिस चालवणं चालत नाही. आणि लक्षात ठेवा, ते दिवस पुन्हा वर्षातून वजा होतात.

कुणी ‘ब्लँकेट एल’, म्हणजे समूहाला एकदाच मिळणारी एल-१ची मंजुरी, सुचवलं तर सोडून द्या, ते मोठ्या समूहांसाठी आहे: तीन किंवा अधिक शाखा-कंपन्या, आणि शिवाय वर्षात दहा एल-१ मंजुऱ्या किंवा अमेरिकेत अडीच कोटी डॉलरची विक्री किंवा हजार कर्मचारी. ई-२, म्हणजे गुंतवणूकदाराचा व्हिसा, सुचवलं तर सुचवणाऱ्यालाच सोडून द्या, भारतीय पासपोर्टवर तो मिळतच नाही.

डेझिग्नेशन बदलावं का? काम बदलत असेल तर जरूर, आजच्या तारखेचं पत्र घेऊन. मागच्या तारखेचं पत्र अजिबात नको. खोटी माहिती दिल्याचा शिक्का एकदा बसला की तो जन्मभर प्रत्येक व्हिसा अर्जात पुढे येतो. आणि ‘डायरेक्टर’ या शब्दाला जपा. कंपनी कायद्याप्रमाणे डायरेक्टर असाल तर डीआयएन (डायरेक्टरचा नंबर) असतो, नेमणुकीचा फॉर्म डीआयआर-१२ भरलेला असतो आणि नाव एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या, साइटवर कुणालाही दिसतं. कार्डावर डायरेक्टर आणि एमसीएवर नाव नाही, हे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ झालं. ‘हेड – ऑपरेशन्स’ आणि खरी मधली फळी, हे त्याहून बळकट.

वेळेचं म्हणाल तर कागद नीट जमवायला माझ्याकडे आठ ते दहा आठवडे जातात. लवकर निकालाची प्रीमियम फी भरली तर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं, पण ते उत्तर आरएफईही असू शकतं. आरएफईला उत्तर द्यायला साधारण जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. फीचे तक्ते अधूनमधून बदलतात, अर्जाच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी खात्याच्या, साइटवरचाच आकडा धरा. एल-१ला ५०० डॉलरची फ्रॉड फी वेगळी असते, ती एजंट हटकून विसरतात.

पैशाची एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. भारताचे जर्मनी, फ्रान्स, जपान वगैरेंशी सोशल सिक्युरिटीचे करार आहेत, अमेरिकेशी नाही. त्यामुळे तिकडच्या पगारातून ६.२% सोशल सिक्युरिटी आणि १.४५% मेडिकेअर कापलं जाईल. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं आणि एल-१ए सात वर्षांत संपतो. ग्रीन कार्ड झालं नाही तर ते पैसे गेले असं धरून पगार ठरवा. टॅक्सचं बाकी सीएला विचारा, दोन्हीकडचं कळणाऱ्या.

पत्नीची चिंता नको. एल-१वाल्याच्या कुटुंबाला एल-२ व्हिसा मिळतो, आणि नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला वेगळं वर्क परमिट न काढता काम करता येतं. आय-९४वर ‘एल-२एस’ असं लिहिलेलं आहे ना, ते विमानतळावरून आल्या दिवशीच बघा. मुलीचं मात्र आज ठरवा. एल-२ला ती शिकू शकते, पण २१ व्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो. तुम्ही वर्षभर थांबलात तर तिच्या हातात वर्षसुद्धा उरणार नाही. आणि ‘तोवर ग्रीन कार्ड होईल’ यावर विसंबू नका. मॅनेजरांच्या ईबी-१सी या ग्रीन कार्डच्या वर्गात लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे तिकडचा माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याची, भानगड नाही हे खरं, पण तिकडची कंपनी किमान वर्षभर चाललेली लागते आणि भारतात जन्मलेल्यांची रांग त्यातही काही वर्षांची आहे. तिला अमेरिकेत शिकायचं असेल तर स्वतःच्या नावाने एफ-१चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, विचार व्हावा, आणि तोही तुमच्या अर्जाआधी की नंतर, हे वकिलाशी बोलून.

मंजुरी आली की डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, बायोमेट्रिक्स, आणि मग बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या फुटपाथवर रांग असायची, आता निदान ऊन कमी लागतं. खिडकीवर तुम्हाला दोन-चार मिनिटं मिळतात. तीनशे पानांची फाइल हातात असते आणि प्रश्न येतो, ‘व्हॉट डू यू डू?’ अंबरनाथच्या गृहस्थांकडून मी हे उत्तर वीस वेळा म्हणून घेतलं होतं, तरी सरावात ते दर वेळी ‘आय लुक आफ्टर एव्हरीथिंग’वर घसरायचे. शेवटी मी त्यांना चार नावं पाठ करायला लावली. कोण प्रॉडक्शन बघतं, कोण क्वालिटी, कोण पर्चेस, कोण डिस्पॅच, आणि या चौघांकडून मी काय करून घेतो. तिकडे ती चौघं कोण असतील, हा दुसरा प्रश्न. या दोन उत्तरांत कुठेही ‘मी स्वतः’ येत नाही ना, ते घरी बायकोसमोर बोलून बघा. बायका अशा वेळी बरोबर पकडतात.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की ठाण्याचा फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा. न्यू ऑफिसवर जात असाल तर विकू नका. नेहमीचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा, रजिस्टर करून. एक्स्टेंशनचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून लावता येतो, तेव्हा भाडेकरूला पुन्हा ठेवायचं की किल्ली परत मागायची, हे करार संपेपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल.